मायनं मागणं सोडलं

माझी माय आयुष्याची शेवटची अकरा वर्षं आंधळी होती. कुणी विचारलं तर मी सांगत असे, काचबिंदू झाला आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उशीर का झाला, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ते आता लिहून ठेवते. तो उशीर माझ्यामुळे झाला.

मी आमच्या गावातली पहिली मॅट्रिक आणि पहिली बी.ए. नुसत्या बायांतली नव्हे, पुरुषांतही माझ्याआधी कुणी नव्हतं. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, ते मी लपवणार नाही. वैनगंगेपासून दोन कोसांवर, सागाच्या जंगलाला लागून आमचं गाव. बहुतेक घरं धानाची शेती करणारी. आमची ख्रिस्ती घरं नऊ. बाप मी लहान असतानाच तापानं गेला. माय दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जाई, मोहफुलं वेची, आणि उरलेला सगळा वेळ पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचत बसे. तिच्या पत्रावळीतून पातळ कढीचा थेंबसुद्धा खाली गळत नसे. लग्नकार्य कुणाचंही असो, पत्रावळी मायच्याच लागत.

आमचा गिरजा म्हणजे कुडाच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आणि मधोमध बिजा लाकडाचा एक जाड खांब. त्याला सगळे मेढ म्हणत. पाळक महिन्यातून एकदा चांद्याहून येत. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. एरवी उपासना चालवायचे ते आमचे उपदेशक. ते लेकरांची शाळाही घेत, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे.

गाणं झालं, वचन वाचून झालं की मागण्याची वेळ येई. ज्याला काही पाहिजे असेल त्यानं उठून मेढीपाशी जायचं, मेढीवर हात ठेवायचा आणि देवाला मोठ्यानं मागायचं. मास्तरांचा दंडक असा, की देवाशी गोल गोल बोलायचं नाही. काय पाहिजे त्याचं नाव घ्यायचं. मीठ पाहिजे तर मीठ म्हणायचं. बैल आजारी असेल तर कोणता, पांढरा का कबरा, तेही सांगायचं. मागून झालं की आपल्या जागी येऊन बसायचं. त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

मग सोमवारी किंवा मंगळवारी, माणूस कामावर गेलेला असताना, त्याच्या उंबऱ्यावर काहीतरी येऊन पडे. फडक्यात बांधलेलं मीठ, पायलीभर धान, जुनी पण धुतलेली दुलई. कुणी ठेवलं हे विचारायची रीत नव्हती. पुढच्या रविवारी मागणाऱ्यानं मेढीपाशी जाऊन एवढंच म्हणायचं, ‘देवा, भेटलं.’ न मागता मात्र कुणी कुणाच्या उंबऱ्यावर काही ठेवत नसे. ते त्या घराचा अपमान केल्यासारखं होई. ज्याचं त्यानं मागावं, असं होतं.

लहानपणी मला वाटे, देवच येऊन ठेवून जातो. एकदा ताप आला म्हणून मी घरात पडून होते, तेव्हा शेजारची काकी कोहळा ठेवून लुगडं सावरत पळताना मला दारातून दिसली. माय आल्याबरोबर मी तिला सांगितलं, “माय, देव नाई, काकी होती!”

माय कोहळा उचलून म्हणाली, “मंग काकीले कोणी धाडलं?”

मायसारखं मागणारं आमच्या मंडळीत दुसरं कुणी नव्हतं. लोक तिच्या पाळीची वाट पाहत. “देवा, मागच्या टायमाले तांदूळ मागला तं तीन घरून तांदूळच आला. आता तांदूळ नोको. मीठ दे आन जरासं तेल दे.” “देवा, बकरीच्या खुरात किडे पडले. मी राखड लावून पाह्यली. आता मले सुचून नाई राह्यलं, तूच सांग कोणाले तरी.” तिचं बोलणं असं, की जणू तो समोर बाजेवर बसून पान खातोय आणि हिला घाई आहे.

मी शिकले तेही तिच्या मागण्यावरच. मी चौथी पास झाले त्या रविवारी ती मेढीपाशी उभी राहिली. “देवा, पोट्टीचं डोस्कं चांगलं हाय असं मास्तर म्हणते. मी तं अंगठा लावतो. मले काही समजत नाई. पण हिले शिकवाचं हाय. कसं ते तू पाह्य.” मास्तरांनी चांद्याच्या मुलींच्या बोर्डिंगला चिठ्ठी लिहिली ती दुसऱ्याच दिवशी. पुढं दर वर्षी काहीबाही लागे, आणि माय मागे. बोर्डिंगात थंडी वाजते असं मी कळवलं, तर तिनं दुलई मागितली. “तुही मर्जी कोणती बी दे, पण जाड पाह्यजे.” नागपूरच्या कॉलेजात गेले तेव्हा लोखंडी पेटी मागितली. ती पेटी मूल स्टेशनावर छोट्या गाडीत चढवताना मास्तरांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं. पेटी त्यांचीच होती. पण ते मला किती वर्षांनी कळलं!

बी.ए. होऊन मी घरी आले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या एक वर्ष आधीची. चांद्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळणार असं जवळजवळ ठरलं होतं. त्या शाळेच्या मोठ्या बाई पाळकांबरोबर आमच्या गावी आल्या. मंडळीची ओळख व्हावी हे कारण सांगितलं होतं. मला पाहायला आल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. मी पांढरी साडी नेसून त्यांच्या शेजारी चटईवर बसले. नागपुरात चार वर्षं राहून माझी भाषा धुऊन स्वच्छ झाली होती. बाईंशी मी एकही शब्द चुकीचा बोलले नव्हते.

मागण्याची वेळ आली आणि माय उठली. मला वाटलं, आज तरी नको. पण ती मेढीपाशी गेली. पदर खोचला.

“देवा, पोट्टीचं शिकणं झालं. तूच पार पाडलं. आता आणखीन एक काम हाय. हिले एक नवरा दे. दारू पेणारा नोको. उंच असला तं बरं, हे आपल्या बापावर गेली, बांबूसारखी वाढली. आन देवा, आपल्या बायकोले जास्त समजते हे ज्याले खपन, असा पाह्य. तसा भेटणं कठीण हाय, मले ठाऊक हाय. पण तुले का कठीण?”

गिरजा हसला. पाळकांनी गीतांचं पुस्तक तोंडापुढे धरलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मोठ्या बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “तुमच्या आई फार भोळ्या आहेत हो.”

त्या प्रेमानं म्हणाल्या होत्या. आज मला ते कळतं. तेव्हा मला तो शब्द काट्यासारखा लागला. मी जमिनीकडे पाहत बसले, आणि मेढीपाशी उभी असलेली ती बाई माझी माय नसती तर किती बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. हेही लिहायचंच म्हणून लिहिते.

पाहुणे गेले. जेवण झाल्यावर मी मायला म्हणाले, “तू देवाला काय समजतेस? गावचा कोतवाल आहे का तो? हे आण, ते आण, नवरा आण!”

ती भांडी घासत होती. “मंग कोणाले सांगू?”

“सांगायचंच कशाला? आपल्याला काय पाहिजे ते मागण्याआधीच त्याला ठाऊक असतं. शास्त्रातच आहे ते.”

“असन ना. तुले भूक लागली हे मले बी ठाऊक राहे. चेहऱ्यावरूनच समजे. तरी तू ‘माय, भात दे’ म्हणे तं मले बरं वाटे.” ती राखेचा हात थांबवून हसली. “न बोलता बसून राह्यली असती तं मी म्हणली असती, पोट्टी काऊन रुसली?”

 ज्याला माझ्याजवळ उत्तर नसे, ते मी तेव्हा अडाण्याचं बोलणं समजत असे. मी म्हणाले, “माय, लोक हसतात. तुला नाही, मला हसतात. उद्या मी चांद्याला मास्तरीण होणार. पाळक तिथं सगळ्यांना सांगतील.”

तेव्हा मात्र तिचं हसणं गेलं. तिनं तवा पालथा घातला आणि विचारलं, “मंग कसं म्हणू? तू सांग. तू शिकली हायेस.”

मी त्याच दुपारी कागद घेऊन बसले. चांगली आठ-दहा ओळींची प्रार्थना लिहिली. लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं, तेही आठवतं. ‘हे परमदयाळू पित्या, तू सर्व काही जाणतोस. आमच्या उणिवा तुझ्यापासून लपलेल्या नाहीत. ऐहिक गोष्टींची हाव आमच्या अंतःकरणातून दूर कर. तुझ्या इच्छेप्रमाणे जे आम्हांस योग्य तेच दे...’ अशी ती. मायला वाचता येत नव्हतं. मी एकेक ओळ म्हणे, ती माझ्यामागून म्हणे, हातानं पत्रावळ टोचत. आमच्याकडे बायाही ‘मी मागतो’ म्हणतात. तेही मी सुधारलं. “‘मागते’ म्हण माय, ‘मागते’.” ‘अंतःकरण’ तिच्या जिभेवर बसायला तीन दिवस लागले. पंधरा दिवसांत तिला सगळं पाठ झालं. एक अक्षर चुकत नव्हतं. ती मोहाच्या झाडाखाली एकटीच पुटपुटताना मी पाहिली तेव्हा मला वाटलं, आपण आपल्या आईसाठी मोठं काम केलं.

पुढच्या रविवारी ती मेढीपाशी जाऊन ते बोलली. सरळ उभी राहून, हात जोडून. मेढीला हात लावायचा ती विसरली.  मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं गाणं सांगितलं. बाहेर पडल्यावर काकीनं मायला गाठलंच. ही तीच कोहळ्यावाली काकी, तिच्या तोंडाला गाव भीत असे.

“काऊन वं, आता तुही पोट्टी तुया आन देवाच्या मंधात बसली का?”

“बसू दे,” माय म्हणाली. “शिकलेली हाय.”

ती हे अभिमानानं म्हणाली. माझा अभिमान वेगळा होता, तिचा वेगळा.

मी चांद्याला रुजू झाले. परकोटाच्या, म्हणजे शहराच्या तटाच्या आत, एका गल्लीत खोली घेतली. शाळा, वह्या, मुलींच्या कवायती. गाव पंचवीस कोस दूर. सुट्टी लागल्याशिवाय जाणं होत नसे. महिन्याला मायची चिठ्ठी येई, मास्तरांच्या अक्षरात. आधीच्या चिठ्ठ्यांत बकरी, पाऊस, काकीची भांडणं, सगळं असे. आता त्या चिठ्ठ्या लहान झाल्या. ‘सर्व कुशल आहे. प्रभूच्या इच्छेप्रमाणे चालले आहे.’ मला वाटलं, सुधारली. ऐहिक गोष्टी गेल्या.

दुसऱ्या वर्षीच्या नाताळात मी घरी आले. सगळ्या मंडळीचं जेवण गिरजाच्या अंगणात होतं. पत्रावळी मायच्या. माझ्या पत्रावळीवर रस्सा वाढला, आणि तो खालून झिरपून माझ्या नव्या साडीवर आला. मी पत्रावळ उचलून पाहिली तर काड्या भलत्याच ठिकाणी टोचलेल्या. दोन पानांमध्ये बोटभर फट. शेजारच्यांच्याही गळत होत्या. लोक खाली दुसरं पान सरकवून गुपचूप जेवत होते.

मी मायजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, “होत नसेल तर करू नको ना माय. लोकांपुढं लाज काढतेस.”

“हात थरथरते वं,” ती म्हणाली. “म्हातारपण.”

ती पन्नाशीचीही नव्हती. तिचा डावा डोळा लाल दिसत होता. चुलीच्या धुरानं असेल, असं मी समजले. विचारलं नाही. साडीवरचा डाग धुवायला मी विहिरीवर गेले. त्या नाताळचं मला आठवतं ते एवढंच, डाग गेला नाही.

मेमध्ये सुट्टी लागली. फाट्यावर मोटारीतून उतरून, पेटी एका गाडीवानाच्या गाडीत टाकून मी पुढं चालत आले. सकाळचे नऊ वाजले असतील. लख्ख ऊन. माय ओसरीत बसली होती. मी तिच्यापुढं, चार हातांवर उभी राहिले आणि काही बोलले नाही. तिनं उठून मला जवळ घ्यावं म्हणून.

तिनं मान वर केली. थोडी वाट पाहिली. मग परक्या माणसाला विचारतात तसं अदबीनं विचारलं, “कोण हाय जी?”

मी ओरडले असेन. काकी धावत आली. आधी तिला कळेचना. मग तिनं मायच्या तोंडापुढं आपला पंजा हलवला, आणि पंजा हलला तरी मायची पापणी हलली नाही.  मी काकीवरच तुटून पडले. तुम्ही इतके जण शेजारी, कुणाला दिसलं नाही? माझी माय रोज विहिरीवर येते, कुणी पाहिलं नाही?

काकीनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, “पाह्यलं ना. ठेचकाळे. म्या विचारलं बी. तं म्हणे, काही नाई वं, म्हातारपण. इले वाट तं पायाखालची, विहिरीवर चाले, समजे कसं? आन रविवारी तुयी माय मेढीपाशी उभी राहे, ‘तू सर्व काही जाणतोस’ म्हणे आन येऊन बसे. आमी म्हणलं, पोट्टी चांद्याले मास्तरीण हाय, इले काय कमी पडन? मागत नाई तं कसं द्याचं? देव जाणत असन बाई. आमी तं नाई जाणत.”

मग ती जे म्हणाली ते मी विसरू शकले नाही. मिशनच्या दवाखान्याची गाडी दर बुधवारी शेजारच्या बाजाराच्या गावात येत होती. गाडी चालवणारा काकीचाच जावई. त्या हिवाळ्यात मंडळीतल्या दोघांनी मेढीपाशी दुखणं सांगितलं होतं, एकानं पोटाचं, एकीनं कानाचं. दोघांनाही त्या गाडीतून नेऊन आणलं होतं. “एका शब्दाचं काम होतं,” काकी म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडू लागली.

बुधवारी त्याच गाडीतून आम्ही गेलो. डॉक्टरांनी मायचे दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले. बोटानं दाबून पाहिले. मग मला म्हणाले, “मोतीबिंदू असता तर काढला असता. हा काचबिंदू आहे. डावा डोळा आधीच गेला असणार. उजवा वाचवता आला असता. हिवाळ्यात जरी आणलं असतं तरी.”

मग मायकडे वळून, “बाई, दुखत नव्हतं का?”

“दुखे जी. बहुत दुखे. डोस्कं फुटते का काय असं होये. उलटी होये.”

“मग कुणाला सांगितलं का नाही?”

 मायनं तोंड माझ्या बाजूला वळवलं, पण मी जिथं उभी होते तिथं नाही, जरा पलीकडे.

परतताना गाडी बाजारापर्यंतच होती. पुढं बैलगाडी. सागाची पानं गळून गेलेली, रस्त्यावर सावली नाही. मी तिच्या डोक्यावर माझा पदर धरला होता. राहवलं नाही म्हणून मी विचारलं. आणि विचारताना माझ्या तोंडून आमचीच बोली आली, कितीतरी वर्षांनी. “माय, काऊन नाई सांगितलं?”

 ती अगदी साधेपणानं म्हणाली, “तुया कागदात डोये नव्हते ना.”

 तीच पुढं म्हणाली, “तू म्हणली, त्याले ठाऊक असते. मी म्हणलं, पोट्टी एवढी शिकली, ते खोटं कायले सांगन? ठाऊक असन. म्हणून वाट पाह्यली. पुसाच्या महिन्यात एकडाव बहुतच दुखलं. मी मेढीपाशी उभी राह्यली, पार तोंडाशी आलं होतं, ‘देवा, माये डोये’ म्हणून. मंग मनात आलं, पोट्टीले कोणी सांगन, तुयी माय पुन्हा तशीच मागून राह्यली. तुले लाज वाटन.”

गाडीवान उगीच बैलांना हाकारत राहिला. माय माझा हात चाचपून म्हणाली, “रडू नोको. मी देवावर रुसली नाई. तुयावर बी नाई.”

ती रुसली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या रविवारी मी स्वतः मेढीपाशी गेले. मोठी झाल्यापासून मी तिथं कधी उभी राहिले नव्हते. मला मागायची कधी गरजच पडली नव्हती. माझं सगळं माय मागत आली होती. मेढीवर हात ठेवला. लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं, मायच्या उंचीवर जरा जास्तच. शब्द सगळे येत होते, ‘परमदयाळू’, ‘अंतःकरण’, आणि एकही कामाचा नव्हता. शेवटी मी म्हणाले, “देवा, माया मायचे डोये दे.” आणि पुढं मागायचं होतं ते मला म्हणता आलं नाही. ते होतं, मले माफ कर. ते सगळ्यांदेखत म्हणण्याइतकी मी अजून लहान झाले नव्हते. मी जागेवर येऊन बसले.

मंडळीजवळ डोळे कुठून असणार? मंगळवारी सकाळी मी मायला घेऊन मोहाच्या झाडापर्यंत फिरून आले. परत आलो तर आमच्या उंबऱ्याजवळच्या खांबापासून एक दोर बांधलेला. अंबाडीचा, ताजा वळलेला, कंबरेच्या उंचीवर. तो दोर बांबूच्या खुंट्यांवरून विहिरीपर्यंत गेला होता. विहिरीपासून पुढं वळून थेट गिरजाच्या दारापर्यंत. इतका लांब दोर वळायला एका घराचं काम नव्हतं. मी मायचा हात त्यावर ठेवला. तिनं तो चाचपला, गाठ चाचपली, आणि एकटी चालू लागली. विहिरीपाशी पोचल्यावर तिथूनच ओरडली, “वं पोट्टी, इथपर्यंत हाय!”

पुढच्या रविवारी ती दोर धरून मेढीपाशी आली आणि म्हणाली, “देवा, भेटलं.” मंडळीनं मान खाली घातली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, हे त्यांचं भलेपण. मी ‘भेटलं’ म्हटलं नाही. मी मागितलं ते वेगळं होतं, आणि जे मागायचं राहिलं ते तर आणखी वेगळं.

मी तिला चांद्याला चल म्हणाले, दर सुट्टीत म्हणाले. ती आली नाही. “तिथी दोर कोण बांधन?” म्हणे. मास्तर गेले, काकी गेली. दोर जुना झाला की कुणीतरी नवा बांधे. मला नवरा मिळाला तो उंच नाही. त्याला माझं जास्त समजणं खपतं. मायला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “उंची मी उगीच सांगितली. त्यानं कामाचं तेवढं ऐकलं.”

ती पुन्हा मागू लागली, आपल्या पद्धतीनं. मीठ, तेल, बकरीला चारा, माझ्या लेकराचा खोकला. त्यानं मला जरा धीर आला असता. पण एक गोष्ट तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. मेढीपाशी गेली की ती आधी हात जोडून सरळ उभी राही आणि माझा कागद म्हणे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग मेढीवर हात ठेवून आपलं सुरू करी. मी तिला एकदा विनवलं, “माय, आता ते म्हणू नको ना.”

“काऊन? तू लिहून देल्लं हाय. आधी तुयं, मंग मायं.”

सुट्टीत गावी असले की मी चटईवर बसून ते ऐकत असे, मान खाली घालून. माय हळू, ठाशीव म्हणे. ‘आमच्या उणिवा तुझ्यापासून लपलेल्या नाहीत.’ ‘अंतःकरण’ स्वच्छ उच्चारी, ‘मागते’ म्हणे. अकरा वर्षांत तिचं एक अक्षरही कधी चुकलं नाही.